मापं की मापात

साहेब फोनवर ‘फ्रेम मापात आणून द्या’ असं म्हणाले होते. हे मी आतापर्यंत इतक्या लोकांना सांगितलंय, की ‘त्या दिवशी फोन आला’ असं मी सुरू केलं की बायको उठून ओट्याकडे जाते. तरी पुन्हा सांगतो. मापात. त्यात ‘त’ होता. मी माझ्या कानांनी ऐकला.

कानांचं मुद्दाम सांगतो, कारण मी कानांवर मोठा झालो. निफाडकडून नाशिकला आलो तेव्हा भाड्याचं वेल्डिंग मशीन आणि एक माणूस, एवढाच माझा कारखाना होता. तो माणूस पेठच्या डोंगरातला. मी भाव करायचा आणि त्यानं लोखंड जोडायचं, अशी आमची वाटणी. ती आजही तीच आहे. भाव करताना लोक समोरच्याचा चेहरा वाचतात म्हणे. मी शब्द ऐकतो. ‘बघू’ म्हणाला तर काम गेलं. ‘बघतो’ म्हणाला तर अर्धं आलं. ‘बघूया की’ म्हणाला तर त्याला दुसरीकडे कोणी मिळालेलं नाही, तिथं रेटायचं. खिडक्यांच्या जाळ्या, मग जिने, मग कंपन्यांचे स्टँड, मग अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड. सगळं एकेका अक्षराकडे लक्ष देऊन मिळवलेलं. आणि आता म्हणे माझ्या ऐकण्यात चूक झाली.

काम असं होतं. विमानातून छत्रीला बांधून खाली सोडायची एक छोटी गाडी एक कंपनी बनवत होती. रस्ता नाही अशा डोंगरात, वाळवंटात ती टाकायची आणि खाली असलेल्या माणसांनी तिचे पट्टे सोडून ती चालवत न्यायची. छत्री असली तरी गाडी काही पिसासारखी उतरत नाही. तिच्या पोटाखाली जाड पुठ्ठ्याचे, मधाच्या पोळ्यासारखे पोकळ ठोकळे बांधलेले असतात. आदळताना ते चेपतात, आणि उरलेला दणका गाडीच्या सांगाड्याला बसतो. हा सांगाडा, म्हणजे फ्रेम, माझ्या शेडमध्ये बनत होती.

गाडी एकदा टाकून भागणार नव्हतं. सरावासाठी टाकायची, उचलून न्यायची, पुन्हा टाकायची. तर एक गाडी किती वेळा टाकलेली चालेल, हा आकडा काढायचा होता. दर वेळी विमान कोण उडवणार? म्हणून माझ्या आवारात एक उंच लोखंडी कमान उभी केली. तिच्यावर गाडी उचलायची आणि एका झटक्यात सुटणारा हुक ओढायचा. कमानीचं लोखंड मी मोडीत निघालेल्या एका साखर कारखान्यातून आणलं होतं. त्या सौद्याबद्दल मी कुणाला विचारलं नाही तरी सांगायचो, इतका तो चांगला झाला होता.

पहिल्यांदा गाडी टाकली त्या दिवशी वेल्डरनं कमानीपुढे नारळ वाढवायला घेतला. साहेब लांबूनच ओरडले, “अहो, गाडीवर नका फोडू! त्याचाही दणका मोजावा लागेल.” सगळे हसले. साहेब तसे बोलायला गोड. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, कंपनीकडून या कामाचे प्रमुख.

हुक सुटला. आवाज असा आला की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली. गाडी जागच्या जागी बसली, पुठ्ठे चेपले, धूळ उडाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजणी तेवढी वाजवत नव्हती. ती लॅपटॉपवर वाकून बसली होती.

ही हिशेब करणारी मुलगी. म्हणजे गाडी आदळली की लोखंडाला आत काय होतं, ते ती संगणकावर काढायची. नाशिकरोडच्या एका कॉलनीतली, वडील शाळेत शिक्षक होते. मी तिला मॅडम म्हणायला लागलो तर म्हणाली, “ताई म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका.” आणि मला मात्र पहिल्या दिवसापासून काका.

तिच्या पडद्यावर माझी फ्रेम होती. बारीक बारीक चौकटी पाडलेली, निळ्या रंगाची. दणका बसला की कुठे हिरवी व्हायची, कुठे पिवळी, आणि जिथे जास्त ताण तिथे लाल. मला ते बघायला आवडायचं, लपवत कशाला. ती म्हणाली, “काका, यात एकच गोष्ट अवघड आहे. दुसऱ्यांदा गाडी टाकायची तेव्हा ती नवी नसते. पहिल्यांदा आदळलेली असते. हिशेबातही तीच आदळलेली गाडी पुन्हा टाकायची. मागचं सगळं पुढे न्यायचं. नवी धरली की सगळं खोटं.”

मी म्हटलं, “म्हणजे मुका मार.”

“काय?”

“रक्त नाही, सूज नाही, पोलिसात गेलं तर दाखवायला काही नाही. आणि माणूस चार महिन्यांनी खाटेवरून उठत नाही. मुका मार.”

तिला तो शब्द इतका आवडला की तिनं संगणकातल्या त्या फाइलला तेच नाव दिलं.

पण हा मार किती बसला ते कळायला तिला एक गोष्ट लागायची. आदळल्यानंतर फ्रेम किती वाकली, तो आकडा. तो आम्ही द्यायचा होता, हे मला फार उशिरा कळलं. फ्रेम गाडीच्या पोटात असते, वरून बघून काही कळत नाही. वरचा सगळा पसारा उतरवला, तेव्हा दिसलं की फ्रेम मधोमध खाली आली आहे. जुन्या खाटेला पोक येतो ना, तशी. बोटभर असेल.

आणि तेव्हाच फोन आला. शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. मी एक कान दाबून धरला. साहेब म्हणाले, “शेठ, फ्रेम मापात आणून द्या उद्यापर्यंत.”

मी मोठ्यानं म्हटलं, “मापात आणतो साहेब, काळजी नको.”

साहेब म्हणाले, “हं.” फोन ठेवला.

वेल्डर शेजारीच उभा होता. त्यानं माझं बोलणं ऐकलं, साहेबांचं नाही. लगेच साखळी काढली, जॅक लावला. गॅसच्या ज्योतीनं लोखंड लालसर केलं, खालून रेटा दिला, आणि दुपार टळायच्या आत पोक गेला. वेल्डर या कामात तरबेज. मग मी म्हटलं, रंगाचा हात मारा. तो म्हणाला, “पोरगी बघाया येनार हायेत का काय? उद्या परत आपटायचीच हाय ना.” मी म्हटलं, “आपटायची असली तरी आपल्या शेडमधून जाताना नीट जाईल.”

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगितलं तर लोक हसतात. पण अंबडला कुठल्याही शेडमध्ये जाऊन विचारा. गिऱ्हाइकाची वस्तू वाकडी परत देणं म्हणजे तोंडावर शिवी देणं. मापात आणायला सांगितलं, आम्ही आणली. मग ड्रॉइंग घेऊन मोजली. सगळं बरोबर. मी साहेबांना मेसेज टाकला : फ्रेम मापात आहे. उत्तरादाखल अंगठा आला.

पुढेही असंच चाललं. टाकायची, उतरवायची, सरळ करायची, रंगवायची, मोजायची. मेसेज, अंगठा. ताई टाकण्याच्या दिवशी यायची आणि सेन्सर चिकटवायला आमचा ताजा रंग खरवडत बसायची. “काका, एवढा रंग कशाला देता हो?” म्हणून कुरकुरायची. तिला वाटलं साहेबलोकांना दाखवायला. मला वाटलं तिला माहीतच आहे.

मग एक दिवस हुक सुटला आणि दणक्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला. कोरडा, उसाचं कांडं मोडावं तसा. फ्रेम एका बाजूनं तुटली होती.

साहेब खाली वाकून बघून आले. रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, “वेल्डिंग.”

तुटली होती ती जोडाच्या अगदी लगत. संगणक सांगत होता की ही फ्रेम अजून कितीतरी वेळा टाकली तरी चालेल, कारण आजवर ती वाकलेलीच नाही. मापात आहे. मग जी वाकत नाही ती एकदम तुटली कशी? जोड कच्चा. दुसरं काय असणार? हिशेब म्हणून बघितलं तर साहेबांचं चूक नव्हतं. पण त्याचा अर्थ काय होता, ते मला तिथंच कळलं. अशा कामाच्या वेल्डरला परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो. तो काढून घेतला की पुन्हा कुणी त्याला असल्या कामाला हात लावू देत नाही. माझा वेल्डर पन्नाशी ओलांडलेला. त्याच्याकडे तो दाखला आणि दोन डोळे, त्यातलाही एक आता ज्योतीनं पाणावतो.

मी साहेबांना नको ते बोललो. माझा आवाज चढला की चढतो. साहेब गाडीत बसून निघून गेले.

दोन-तीन दिवसांनी ताई एकटीच आली. तुटलेल्या फ्रेमजवळ बराच वेळ उकिडवी बसली. मग मला म्हणाली, “काका, सेन्सर सांगतात की लोखंड दर वेळी ताणलं गेलं. परत येणार नाही इतकं. आणि तुमचं माप सांगतं की काहीच झालं नाही. ही फ्रेम खरंच कधी दबलीच नाही का?”

“दबली ना. दर वेळी दबली.”

“मग?”

“मग सरळ केली.”

 तिनं कपाळाला हात लावला आणि तिथंच जमिनीवर बसली, चांगल्या कपड्यांनिशी.

“गरम करून?”

“गरम करून, जॅक लावून. थंड कशी सरळ होईल?”

“काका, तुम्ही तिला दर वेळी दोनदा मारलंत. एकदा वरून टाकून, एकदा खालून रेटून. आणि मी एकदाही मोजला नाही हो तो मार.”

तिनं हिशेब पुन्हा केला. टाकणं, सरळ करणं, टाकणं, सरळ करणं, सगळं ओळीनं घातलं, मागचं पुढे नेत. मला बोलावून दाखवलं. निळी फ्रेम, हिरवी झाली, पिवळी झाली, आणि बरोबर त्याच जागी लाल ठिपका आला. जोडावर नाही. जोडाच्या लगत, जिथं आम्ही ज्योत धरायचो आणि जॅकचं डोकं टेकायचं. वेल्डरलाही मी तो ठिपका दाखवला. तो म्हणाला, “आयला, जॅकची जागा पन वळखली का यानं.” कित्येक दिवसांनी मी हसलो. मला वाटलं, सौदा जिंकला.

साहेबांच्या ऑफिसात आम्ही तिघे गेलो. वेल्डर धुतलेला शर्ट घालून आला होता; त्याला गेटजवळच्या बाकावर बसवलं. ताईनं सगळं समजावलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि तिला काहीच विचारलं नाही. मला विचारलं.

“शेठ, फ्रेम सरळ करायला कुणी सांगितलं?”

“तुम्ही.”

“मी?”

“फोनवर. मापात आणून द्या म्हणालात.”

“मी म्हटलं, फ्रेमची मापं आणून द्या. मापं. मोजायचं आणि आकडे द्यायचे. सरळ करा असं मी कशाला सांगेन? चाचणीची फ्रेम आहे ती.”

“मी परत म्हणून दाखवलं. मापात आणतो साहेब म्हटलं. तुम्ही हं म्हणालात.”

“हं मी सगळ्यांनाच म्हणतो.”

“आणि मेसेज? दर वेळी टाकलाय. फ्रेम मापात आहे.”

साहेबांनी आपला फोन काढून तो मेसेज माझ्यासमोर धरला. “वाचा तुम्हीच. मापात आहे म्हणजे वाकली नाही, असंच कुणीही वाचेल. यात सरळ केली असं कुठंय?”

माझाच मेसेज. मी वाचला आणि कुणीही वाचेल तसाच वाचला.

मग साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला. गोड बोलायची वेळ आली होती. “हे बघा शेठ. वेल्डिंग कच्चं होतं असं लिहू. तो वेल्डर या कामावरून काढा, दाखला रद्द होईल, पुढच्या फ्रेम तुमच्याकडेच. नाहीतर तुम्ही चाचणीच्या फ्रेमशी छेडछाड केली असं लिहावं लागेल. मग माझ्या हातात काही नाही.”

मी आयुष्यभर सौदे केले. प्रत्येक सौद्याला मधली जागा असते. समोरचा इथे, मी तिथे, आणि मध्ये कुठेतरी एक जागा जिथे दोघं कुरकुरत बसतो. इथे मध्ये काही नव्हतं. मी ‘बाहेर जाऊन येतो’ म्हणालो. दारापर्यंत गेलो की समोरचा हाक मारतो, हा माझा नेहमीचा डाव. दारापर्यंत गेलो. हाक आली नाही.

बाकावर वेल्डरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग लिहू द्या की माझं नाव. मी काय पुढारी हाय का, नाव खराब व्हायला.”

“गप बस.”

“शेठ, शेडात बाकीची पोरं हायेत.”

“तू जोडलेलं कधी सुटलंय?”

“नाय.”

“मग?”

“नाय सुटलं, पन त्यानं काय भाकर मिळनार हाय का?”

तो हे इतक्या सरळ बोलला की माझं डोकं फिरलं. मी आत गेलो ते चांगुलपणानं नाही, संतापानं. टेबलावर हात आपटला, चहा सांडला, साहेबांचे कागद भिजले. म्हटलं, “लिहा, छेडछाड लिहा. पण फोनवर काय म्हणालात तेही लिहा. ‘त’सकट लिहा!” साहेबांनी शिपायाला फडकं आणायला सांगितलं.

काम गेलं. ते जाणारच होतं, त्याचं दुःख मी गिळलं असतं. पुढचं गिळता आलं नाही.

ते ताईनं फोन करून सांगितलं. तुटली ती चाचणी रद्द केली, कारण फ्रेम सरळ केलेली होती. त्याआधीच्या, न तुटलेल्या चाचण्या मात्र धरल्या. आणि त्यावरून पहिला आकडा, फ्रेम वाकतच नाही असं धरून काढलेला तो मोठा आकडा, कायम केला. आता फ्रेम दुसऱ्या शेडमध्ये बनतील आणि तितक्या वेळा टाकल्या जातील.

मी ओरडलो, “अगं, पण तेव्हाही फ्रेम सरळ करूनच टाकली होती!”

“मी तेच लिहिलं काका. ते म्हणाले, त्या वेळी फ्रेम मापात असल्याचे मेसेज आहेत.”

  मग म्हणाली, “माझ्या हातात हिशेब करणं आहे. कुठला धरायचा, ते त्यांच्या हातात.” पुढे ती नोकरी सोडून पुण्याला गेली. जायच्या आधी तिनं तक्रार वरपर्यंत पाठवली होती. मीही दोनदा कंपनीच्या गेटवर गेलो. रखवालदार ओळखीचा, त्यानं पाणी दिलं.

आता माझ्या शेडमध्ये द्राक्षबागांचे लोखंडी अँगल बनतात. पिंपळगावच्या एका शीतगृहाचे मांडणीचे स्टँडही केले. वेल्डरचा दाखला शाबूत आहे. तो त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. द्राक्षाच्या अँगलला दाखला लागत नाही. फोनवर कुणी माप सांगितलं की मी तीनदा वदवून घेतो. शेतकरी वैतागतात. “शेठ, ऐकू येत नाय का तुमाला?” एकानं परवा विचारलं. मी माप चौथ्यांदा वदवून घेतलं. पूर्वी मी त्याला शेडच्या बाहेर काढलं असतं.

दुपारी वरून विमान गेलं की मान आपोआप वर जाते. वेल्डर खालूनच म्हणतो, “आपली गाडी नाय ती.” त्यालाही माहीत नाही आणि मलाही. कुठेतरी एक गाडी उतरेल, बाहेरून चकचकीत, त्या मोठ्या आकड्यापेक्षा कमी वेळा टाकलेली. पोरं पट्टे सोडतील, चढून बसतील, उतारावरून निघतील. त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवलेला असेल. त्या आकड्याखाली कुठेतरी माझा मेसेज आहे. तो मला आता परत घेता येत नाही.

तुटलेली फ्रेम न्यायला कंपनीकडून कुणी आलं नाही. ती कमानीखाली पडून होती. गेल्या महिन्यात भंगारवाला आला. कमानीवरही त्याची नजर होती. फ्रेमभोवती फिरला, पायानं हलवून बघितली.

“ही पण द्या ना शेठ.”

“ती द्यायची नाही.”

वेल्डर म्हणाला, “ठिवून काय करनार?”

“पुरावा आहे तो.”

“कुनाला दावनार?”

 भंगारवाल्याला वाटलं मी भाव वाढवतोय. त्याचं चूक नाही, अंबडमध्ये माझी ख्याती तीच आहे. तो फ्रेमजवळ बसला, शेवटच्या दणक्यात वाकलेल्या पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “माल भारी हाय. पन वाकडाय ना, वजनावरच जाईल. सरळ करून द्या शेठ, चालू मालाचा भाव देतो.”

वेल्डरनं माझ्याकडे बघितलं नाही. तो साखळी आणि जॅक ठेवलेल्या कोपऱ्याकडे बघत होता. मी भंगारवाल्याला म्हटलं, “घेऊन जा. आहे तशी घेऊन जा.” तो भावाची वाट बघत उभा राहिला. मी शेडमध्ये निघून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा, भाव न करता.